गच्चीवर कान लावून: बेळगाव भागात रात्री उडत जाणारे पाहुणे पक्षी आवाजावरून कसे ओळखावेत

ऑक्टोबरात रात्री गच्चीवर पडलेलं असताना डोक्यावरून एकच ‘झ्झीं’ आलं आणि पुढं काही नाही, तर रातकिडा म्हणून सोडून देऊ नका. रातकिडा एका जागी बसून रेटत राहतो. हा आवाज उत्तरेच्या अंगाला लागतो, डोक्यावर एकदा स्पष्ट होतो आणि दक्षिणेला विरून जातो. ती बहुधा तीरचिमणी (इंग्रजीत पिपिट) असते. ‘बहुधा’ हा शब्द या लेखात बऱ्याचदा येणार आहे. रात्रीच्या आवाजावरून पक्षी ओळखण्यात नाव किती लवकर सुचतं याला फारसं मोल नाही. नाव कधी टाकायचं आणि कधी हात आखडता घ्यायचा, हे कळण्यातच खरं कसब आहे.

हिवाळा काढायला उत्तर आणि मध्य आशियातून, हिमालयातून खाली येणारे बहुतेक छोटे पक्षी रात्रीच प्रवास करतात. रात्री हवा थंड आणि स्थिर असते, ससाणे-शिक्रे झोपलेले असतात आणि दिवस पोट भरायला मोकळा राहतो. म्हणून एके दिवशी सकाळी बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत वटवट्या (वार्बलर) ‘अचानक’ दिसतो. आदल्या दिवशी नव्हता, आज आहे. तो आला कधी हे कुणीच पाहिलेलं नसतं, पण ऐकता मात्र येतं.

हे आवाज म्हणजे काय

पक्ष्याचं गाणं वेगळं आणि उडतानाची हाक वेगळी. गाणं लांब, सजवलेलं आणि बहुतेक वेळा विणीच्या हंगामातलं. हाक म्हणजे एक ठिपका. बहुतेक हाका सेकंदाच्या दहाव्या भागापासून तिसऱ्या भागापर्यंत असतात, काही त्याहून छोट्या. रात्री छोटे पक्षी बगळ्यांसारखे रांग धरून उडत नाहीत, पांगून उडतात. अंधारात एकमेकांचा अदमास राहावा म्हणून ते अशा हाका देतात, असं मानलं जातं.

हे ऐकण्याचा नाद जुना आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनजवळ ओरिन लिबी नावाचा एक जण १८९६ च्या सप्टेंबरात एका रात्री टेकाडावर बसला आणि ३,८०० हाका मोजल्या. कागद आणि कान, एवढंच सामान. पुढं टेपरेकॉर्डर आले, आता फोन आहे. अमेरिका-युरोपात या हाकांचे संग्रह चांगले तयार झालेत. ते आपल्यालाही उपयोगी पडतात, कारण वृक्ष तीरचिमणी, पिवळा धोबी, तुतवार हे आपले हिवाळी पाहुणे युरोपातही आहेत. तिथल्या अमेरिकन वटवट्यांची ध्वनिमुद्रणं मात्र ऐकत बसू नका. ती कुळंच वेगळी आहेत आणि कान बिघडतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा, म्हणजे पुढं निराशा होणार नाही. सगळे पक्षी रात्री बोलत नाहीत. तीरचिमण्या, धोबी (वॅगटेल), भारीट (बंटिंग), कस्तूर (थ्रश) हे बोलके. आपल्याकडं हिवाळ्यात शेकड्यानं येणारे पर्ण वटवटे आणि बोरू वटवटे मात्र उडताना जवळजवळ मुके असतात. त्यामुळं रात्रभर काही ऐकू आलं नाही म्हणजे वर आकाश रिकामं होतं, असं समजू नका.

आधी दिवसा कान तयार करा

माईक घ्यायची घाई करू नका. पहिला हंगाम दिवसा ऐकण्यात घालवा. रात्रीच्या बऱ्याच हाका म्हणजे तोच पक्षी दिवसा उडताना देतो ती हाक असते. दिवसा पक्षी दिसतो, आवाज येतो, दोन्हीची गाठ बसते. रात्री निम्मी गाठ आपल्याला मनानं मारावी लागते.

तीरचिमणीसाठी नोव्हेंबरातली आमराई उत्तम. ती पाचोळ्यात चालत किडे टिपत असते. पाऊल वाजलं की उडून फांदीवर बसते आणि उडताना एक घोगरं ‘स्पीझ’ देते, कापडाची छोटी चेन झटकन ओढावी तसं. हा आवाज पन्नास वेळा ऐकल्याशिवाय रात्रीच्या कामाला लागू नका. धोब्यांसाठी मार्कंडेय नदीचा काठ, राकसकोपचा जलाशय, खानापूर-जांबोटीकडचे ओढे. करडा धोबी सर्वांत लवकर येतो. ऑगस्टच्या शेवटी, सप्टेंबरात, भर पावसातच तो घाटाकडच्या ओढ्यांवर शेपूट हलवत असतो. त्याची ‘त्झि-त्झि’ टोकदार, धातूच्या पत्र्यावर सुई आपटावी तशी. पांढरा धोबी ‘चिसिक’ असं दोन अक्षरी बोलतो आणि पिवळा ‘प्स्वीप’ म्हणत एकच अक्षर ओढतो. भारीट ऐकायचे तर पूर्वेला चला. गोकाक, रायबाग, अथणीच्या बाजूला ज्वारी निसवली की काळ्या डोक्याच्या भारिटांचे थवे उतरतात.

प्रत्येक पक्ष्याचा आवाज वहीत आपल्या शब्दांत लिहा. पुस्तकातला ‘स्पीझ’ माझ्या कानाला पटायला वर्ष लागलं. माझ्या वहीत तीरचिमणीपुढं ‘चेन’ एवढंच लिहिलेलं आहे आणि ते मला अजून पुरतं.

कधी आणि कुठं

येण्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, त्यात दसरा ते दिवाळी हा गाभा. परतीचा मार्चपासून एप्रिलअखेर. नवशिक्यानं शरदापासून सुरुवात करावी. एप्रिलमध्ये कोकिळ आणि पावशा रात्रभर ओरडून डोकं उठवतात.

छोटे पक्षी सूर्यास्तानंतर साधारण तासाभरात उठतात. आपल्याकडं ऑक्टोबरच्या मध्याला सूर्य सहाच्या पुढं थोड्या वेळानं मावळतो, म्हणजे साडेसात ते बारा हा वेळ धरायचा. नंतर थोडं ओसरतं. पहाटे चार ते साडेपाच पुन्हा कान द्यावा, कारण खाली उतरायच्या तयारीतले पक्षी जास्त बोलतात. रोज रात्रभर जागायची गरज नाही, यंत्र जागेल. पण आठवड्यातून एक रात्र तरी स्वतः ऐका. ध्वनिमुद्रणात दिशा हरवते.

रात्र निवडताना वाऱ्याकडं बघा. पाऊस उघडून वारा उत्तर किंवा ईशान्येकडून सुटला की पाठीवर वारा घेऊन पक्षी निघतात. मात्र निरभ्र, चांदणी रात्र ऐकणाऱ्यासाठी चांगली असतेच असं नाही. ते उंच जातात आणि हाका वरच राहतात. खाली उतरलेले ढग, भुरभुर, धुकं असलं की ते खाली येतात आणि जास्त बोलतात. कणकुंबी-चोर्ला बाजूला ऑक्टोबरात ढग रस्त्यावर उतरतो, अशा रात्री गाडी न हाकता एखाद्या ओळखीच्या घरच्या ओसरीवर बसावं. छोट्या पक्ष्यांच्या बारीक हाका साध्या माईकला काही शे मीटरपर्यंतच लागतात, हे लक्षात ठेवा.

जागा म्हणजे उघडं आकाश आणि कमी आवाज. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याची गच्ची सर्वांत उत्तम, कारण रातकिडे आणि बेडूक खाली राहतात. वडगाव-शहापूरची गल्ली असली तरी चालते. हायवेच्या कडेचं फार्महाऊस चालत नाही. ऊस सुरू झाला की आणखी एक संकट उभं राहतं. ट्रॅक्टर भरून कारखान्याला निघतात आणि त्यांवरची गाणी दोन मैलांवरून माईकात शिरतात. येळ्ळूरकडं एका रात्री माझ्याकडं अकरा हाका आणि सत्तावीस गाणी जमली होती.

कॅम्प भागात आणि सांबऱ्याच्या विमानतळाभोवती माईक लावू नका, सैन्य आणि विमानतळ दोन्ही ठिकाणी उगाच चौकशी मागं लागते. भीमगड अभयारण्यात रात्री परवानगीशिवाय जाता येत नाही आणि जायचं कारणही नाही. खानापूर बाजूला शिवारात रात्री गवा आणि अस्वल दोन्ही फिरतात. घराच्या गच्चीवर जे पक्षी जातात तेच तिथूनही जातात. शेतात बसायचंच असेल तर शेजाऱ्यांना आणि गावातल्या कुणा जबाबदार माणसाला आधी सांगा. गस्तीच्या पोलिसाला एक वाक्य कानडीत तयार ठेवा: ‘हक्की आवाज रेकॉर्ड माडाकत्तीनि री’, म्हणजे पक्ष्यांचा आवाज रेकॉर्ड करतोय. तो हसतो, पण जाऊ देतो.

सामान

सुरुवात फोननं करा. ध्वनिमुद्रणाचं असं ॲप घ्या जे वेव्ह फाइल ठेवतं. एमपीथ्री नको, कारण आवाज दाबताना बारीक हाकांच्या कडा पहिल्यांदा जातात. आवाज आपोआप कमीजास्त करणारी आणि गोंगाट गाळणारी दोन्ही बटणं बंद करा. फोनला पक्ष्याची हाक हा गोंगाटच वाटतो आणि तो इमानानं पुसून टाकतो. फोन विमान मोडवर ठेवा, नाहीतर मध्यरात्री आलेल्या मेसेजची ‘टिंग’ तुम्ही उद्या पक्षी म्हणून तपासत बसाल.

महिनाभर टिकलात तर छोटा डिजिटल रेकॉर्डर आणि बाहेरचा माईक घ्या. साधा कॉलर माईकसुद्धा फोनच्या माईकपेक्षा बरा. ऑडिओमॉथ नावाचं काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं यंत्र मिळतं. त्यात वेळ लावून ठेवली की ते स्वतः सुरू होतं आणि बंद होतं. पण त्याची सवय लागली की स्वतः ऐकणं सुटतं, म्हणून मी ते दुसऱ्या वर्षी घ्या असं सांगतो.

आता बादली. रात्रीच्या हाका टिपणाऱ्या अमेरिकेतल्या बिल इव्हान्सनं प्लास्टिकच्या कुंडीत माईक बसवून तो आकाशाकडं तोंड करून ठेवायची युक्ती लोकप्रिय केली. आपल्याकडं रंगाची रिकामी बादली त्याहून सोपी. बादली धुऊन तिच्या तळाला माईकपुरतं भोक पाडा आणि माईक वर तोंड करून बसवा. आतल्या भिंतीला गादीचा जुना फोम चिकटवा. तोंडावर स्वयंपाकघरातली पातळ चिकटणारी प्लास्टिक फिल्म ताणून बांधा, ढोलाच्या कातड्यासारखी. त्यामुळं दव आणि भुरभुर आत येत नाही, आवाज मात्र येतो. बादलीच्या भिंतीमुळं आडवे येणारे आवाज, म्हणजे कुत्री, टीव्ही, शेजारचं भांडण, बरेच कमी होतात. जोराचा पाऊस आला तर फिल्मवर ताशा वाजतो. अशा वेळी उचलून आत न्या आणि झोपा.

बादली पाण्याच्या टाकीपासून, सौर पॅनेलच्या इन्व्हर्टरपासून आणि वाळत घातलेल्या कपड्यांपासून लांब ठेवा. लाईट गेली तर वैतागू नका. ट्रान्सफॉर्मरची घरघर, फ्रिज, पंखे सगळं थांबतं आणि ते अर्धा तास सर्वांत स्वच्छ ध्वनिमुद्रण मिळतं. पॉवर बँक मात्र भरलेली हवी.

लावायचं कसं

सेटिंग साधं: एक चॅनेल, १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ. याची तासाला साधारण ३४६ एमबी जागा लागते, म्हणजे दहा तासांच्या रात्रीला साडेतीन जीबीच्या आसपास. ३२ जीबीच्या कार्डात आठ-नऊ रात्री मावतात. अनेक कार्डांवर एका फाइलला चार जीबीची मर्यादा असते, म्हणून यंत्राला तासातासाच्या फायली करायला सांगा. एकच लांबलचक फाइल पहाटे बिघडली की अख्खी रात्र जाते. माझी गेलेली आहे, तीही दसऱ्याच्या आदली.

सुरू करताना मोठ्यानं तारीख, वेळ, जागा, ढग आणि वारा सांगा आणि एक टाळी वाजवा. टाळी स्क्रीनवर उभी रेघ म्हणून दिसते आणि घड्याळाची वेळ तिथून मोजता येते. रात्री बारानंतर तारीख बदलते, हा घोळ वहीत पहिल्या महिन्यात प्रत्येकाचा होतो. मी ‘१४-१५ ऑक्टोबरची रात्र’ असं जोडून लिहितो. नवरात्रात असाल तर पहाटेचा हिशेब वेगळा धरा, कारण दुर्गामाता दौड निघाली की तिच्या घोषणांपुढं तीरचिमणीचं काही चालत नाही. दिवाळीचे चार दिवस यंत्र काढून ठेवा.

आणि माईकला शेजाऱ्यांचं बोलणंही ऐकू येतं. तसला भाग ऐकू नका, ठेवू नका, पुसा.

स्क्रीनवर

दहा तास कानानं ऐकत बसलात तर आठवड्यात हा नाद सुटेल. आवाज डोळ्यांनी चाळायचा असतो. ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्रॅम घ्या आणि ट्रॅक स्पेक्ट्रोग्रामच्या रूपात उघडा. आडवी बाजू वेळ, उभी बाजू आवाजाची उंची, रंग म्हणजे जोर. उभी पट्टी शून्य ते १२ किलोहर्ट्झ ठेवा. ‘विंडो साइज’ ५१२ वर आणा. छोटी हाक जास्त तपशिलात बघायची असेल तर २५६ करा. १०२४ च्या वर गेलात तर उंची स्वच्छ दिसते पण वेळ पसरतो आणि दातेरी हाक गुळगुळीत पट्टी वाटू लागते. ही चूक फार घातक आहे, कारण आपल्या निम्म्या ओळखी त्या दातांवर चालतात.

स्क्रीनवर एका वेळी वीस-तीस सेकंद दिसतील एवढंच मोठं करा आणि पुढं सरकत राहा. डोळा सरावला की एक तास दहा-पंधरा मिनिटांत चाळून होतो. रातकिडे म्हणजे आडवा, न थांबणारा पट्टा. तो बहुधा ४ ते ८ किलोहर्ट्झमध्ये असतो, नेमका आपल्या हाकांच्या जागेवर. तुम्ही शोधताय ते या पट्ट्यावर किंवा त्याच्या वरखाली उमटलेलं एकटं चिन्ह: स्वल्पविराम, कमान, टिकली, ओळंबा. सापडलं की खूण करा, आधीची-नंतरची दोन-दोन सेकंद धरून कापून वेगळं ठेवा.

दोन किलोहर्ट्झच्या खालचा घरघराट गाळायचा असेल तर कापलेल्या प्रतीवर गाळा, मूळ फायलीवर कधीच नाही. रातबगळ्याचा जोर त्या खालच्या भागातच असतो.

बर्डनेट आणि मर्लिनसारखी आवाजावरून पक्षी ओळखणारी ॲप्स हाताशी ठेवा, पण त्यांच्या हाती दोर देऊ नका. ती मुख्यतः दिवसाच्या गाण्यांवर शिकलेली आहेत. बर्डनेट आवाज तीन-तीन सेकंदांच्या तुकड्यांत तपासतं. त्या तीन सेकंदांत आपली हाक एखाद्या दशांशाची असते आणि बाकी सगळा रातकिडा. जागा नीट भरली नाही तर ते बेधडक अमेरिकेतल्या पक्ष्याचं नाव सांगतं. मी ॲपचा उपयोग एवढाच करतो: ‘इथं काहीतरी आहे’ म्हणून बोट दाखवायला.

हाक वाचायची कशी

सापडलेल्या प्रत्येक हाकेला हे प्रश्न याच क्रमानं विचारा. नाव अगदी शेवटी.

लांबी किती? कर्सरनं मोजा, अंदाज नको. पन्नास मिलिसेकंदांची टिकली आणि अडीचशे मिलिसेकंदांची पट्टी कानाला सारखीच ‘चिप’ वाटू शकते.

उंची किती? ढोबळ नियम असा की अंगानं मोठा पक्षी खालच्या पट्टीत. पाणथळीचे पक्षी साधारण ५ किलोहर्ट्झच्या खाली. तीरचिमण्या, धोबी यांचा जोर त्याच्या वर.

आकार कसा? चढणारा, उतरणारा, कमान, सरळ. आणि कडा गुळगुळीत आहे की करवतीसारखी? कानाला जे घोगरं किंवा झणझणीत वाटतं ते स्क्रीनवर दातेरी दिसतं. तीरचिमणीची ‘चेन’ म्हणजे ६ ते ८ किलोहर्ट्झच्या आसपास भराभर वरखाली झालेले दात. एकदा पाहिलं की विसरत नाही.

अक्षरं किती, आणि पुन्हा आली का? उडत जाणारा पक्षी काही सेकंदांनी पुन्हा बोलतो आणि दुसरी हाक पहिल्यापेक्षा मोठी किंवा बारीक असते. तोच आवाज तेवढ्याच जोरात, त्याच अंतरानं दहा मिनिटं आला, तर तो उडत नाहीये. झाडावर आहे, भिंतीवर आहे, किंवा पक्षीच नाही.

शेवटचा प्रश्न मी महागात शिकलो. एका ऑक्टोबरात आठवडाभर रात्री तीनच्या पुढं एक सुरेख, उतरती, बारीक शीळ येत होती. वहीत मी ‘पिवळा धोबी?’ लिहिलं, चौथ्या दिवशी प्रश्नचिन्ह काढलं. मग लक्षात आलं की तो धोबी दिवसाआड येतोय. आमच्या गल्लीत नळाला पाणीही दिवसाआडच येत होतं. टाकीचा फ्लोट वर चढताना व्हॉल्व्ह शीळ घालत होता. वहीतलं ते पान मी फाडलं नाही, नवीन येणाऱ्याला पहिल्यांदा तेच दाखवतो.

आपल्या आकाशातले बोलके

पहिल्या हंगामात दोनच आवाज पक्के करा: तीरचिमणीची दातेरी ‘चेन’ आणि धोब्यांचा गट. तीरचिमणीत मात्र एक गाठ आहे. वृक्ष तीरचिमणीची ऑलिव्ह पाठीची बहीणही हिवाळ्यात घाटाकडं येते. तिची हाक थोडी पातळ, पण एका अंधुक नमुन्यावरून दोघींना वेगळं करण्याचा आग्रह धरू नये. मी ‘तीरचिमणी, वृक्ष किंवा ऑलिव्ह पाठीची’ असंच लिहितो.

धोब्यांत करड्याची तोकडी, उंच, बहुधा दुहेरी ‘त्झि-त्झि’ आधी ओळखू येते. पांढऱ्याची दोन अक्षरं मऊ आणि जोडलेली. पिवळ्याचं एकच अक्षर, जोरात सुटून खाली उतरणारं. दिवेलागणीला ऐकलेले धोबी प्रवासी म्हणून मोजू नका. उसात आणि पाणकणसात रात्र काढायला येणारे थवे तेव्हा डोक्यावरून बोलत जातात, ते रोजचेच. पूर्ण काळोख झाल्यावरची हाक धरा.

पूर्व भागात, विशेषतः ऑक्टोबर-नोव्हेंबरात, भारिटांची छोटी, टणक ‘त्लिप’ आणि चंडोलांची कोरडी, चिरकी हाक लागते. भारिटांत काळ्या आणि लाल डोक्याचा भेद हाकेवरून करायला जाऊ नका. खानापूरच्या जंगलाकडं कस्तुरांसाठी कान ठेवा. नारिंगी डोक्याचा कस्तूर उडताना बारीक, ताणलेलं ‘झीफ’ देतो.

नवरंगाची गोष्ट वेगळी. तोही रात्रीचा प्रवासी, पण आपल्याला तो ऐकू येण्याआधी सापडतो, थकून कुणाच्या व्हरांड्यात बसलेला किंवा उजेडाच्या खिडकीला धडकलेला. सापडला तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात, शांत ठेवा. तोंडात पाणी घालू नका, फोटोसाठी हातात धरू नका. जखम नसेल तर तासा-दोन तासांत तरतरी येते, मग जवळच्या झाडीत सोडा. जखमी असेल तर वनखात्याला कळवा.

गाणारे नसलेले पण रात्री हमखास भेटणारे वेगळे काढायला शिका, कारण सुरुवातीच्या नोंदींत त्यांचीच गर्दी असते. टिटवीला कुणी चुकत नाही. रातबगळ्याचं भरड ‘वॉक’ एकेरी आणि खालच्या पट्टीतलं. अडई बदकांच्या शिट्ट्या थव्यानं. राकसकोप, हिडकल यांच्या आसपास तुतवारची ‘त्वी-वी-वी’ आणि हिरव्या तुतवारची उसळती तीन अक्षरं स्वच्छ ऐकू येतात. छोट्या चिखल्याची ‘पिऊ’ही. खरं सांगायचं तर नवशिक्याला खरा धीर हेच देतात, मोठ्यानं आणि स्पष्ट बोलतात म्हणून.

फसवणारे

वटवाघळं पहिली. शेजारच्या पेरूवर फळं खाणारी वटवाघळं चिरकतात, भांडतात. पण ती एकाच ठिकाणाहून, तासन्‌तास. रातव्याची एक जात माळावर उडता उडता एकच जोरदार ‘ढीट’ देते आणि भारीट वाटते. फरक असा की ती दिवेलागणीला गोल फिरत बोलते, सरळ निघून जात नाही. दयाळ रस्त्याच्या दिव्याखाली भलत्या वेळी गाऊ लागतो. पालीची चुकचुक स्क्रीनवर उभ्या काड्यांची रांग दिसते. रिक्षाचा ब्रेक, गेटची कडी, कुत्र्याच्या पिल्लाचं कुई, हे सगळं एकेकदा माझ्या वहीत पक्षी होऊन गेलंय.

पक्षी खाली यावेत म्हणून गच्चीवर फोकस लावायचं कुणाच्या मनात आलंच तर ते काढून टाका. धुक्याच्या रात्री दिव्याकडं ओढलेले पक्षी काय भोगतात ते आसामातल्या जटिंगा गावानं दाखवलंय. शिकागोत चार दशकं गोळा केलेल्या धडकांच्या नोंदींवरून २०१९ मध्ये दिसून आलं की रात्री हाका देणाऱ्या जातीच उजेडाच्या इमारतींना जास्त धडकतात. उजेडात भांबावलेला एक बोलतो आणि बाकीचे त्याच्या आवाजाला येतात, असा अंदाज आहे. उलट ऐकायच्या रात्री गच्चीचा दिवा बंद ठेवा, आणि जमलं तर शेजाऱ्यांचाही.

नोंद

प्रत्येक हाकेपुढं मी तीनपैकी एक अक्षर लिहितो. ‘प’ म्हणजे पक्की: कान आणि स्क्रीन दोन्ही जुळले, दिवसाच्या ओळखीच्या नमुन्याशी ताडून पाहिलं. ‘ग’ म्हणजे गट: धोबी आहे, कोणता ते नाही. ‘अ’ म्हणजे अनोळखी. पहिल्या वर्षी ‘अ’ निम्म्याहून जास्त नसतील तर तुम्ही स्वतःशी खोटं बोलताय. ‘अ’च्या फायली पुसू नका. दोन वर्षांपूर्वीचा माझा एक ‘अ’ यंदा करडा धोबी निघाला, कारण मधल्या काळात मी शंभर करडे धोबी दिवसा ऐकले होते.

हाकांची संख्या म्हणजे पक्ष्यांची संख्या नव्हे. एकच तीरचिमणी डोक्यावरून जाताना चारदा बोलू शकते. हाका किती, आणि निदान किती पक्षी असावेत, हे दोन आकडे वेगवेगळे लिहा. दोन हाका एकमेकींवर चढलेल्या दिसल्या तरच दोन पक्षी नक्की. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर रात्रीच्या उडत्या हाकांसाठी वेगळा प्रकार आहे. नोंद साध्या यादीत न घालता त्यात घाला, तासातासाच्या याद्या करा आणि प्रत्येक नावाला ध्वनीचा तुकडा जोडा. स्वच्छ नमुने झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या संग्रहावरही चढवा. आपल्या भागातल्या एका नेमक्या, वेळ-तारखेसह दिलेल्या हाकेचा पुढच्या ऐकणाऱ्याला खूप उपयोग होतो.

वहीत ज्या रात्री काहीच लागलं नाही त्याही लिहा, ढग-वाऱ्यासकट. तीन-चार हंगामांची वही झाली की तुमच्या गच्चीवरून तीरचिमण्या कोणत्या आठवड्यात जातात ते दिसू लागतं.

मार्च संपता संपता बादली पुन्हा वर न्या. या खेपेला हाका दक्षिणेकडून येऊन उत्तरेला विरतील आणि कोकिळा मध्ये मध्ये येत राहतील, त्याला इलाज नाही. वळवाचा अंदाज असेल त्या संध्याकाळी फिल्म दुहेरी बांधा. वीज कडाडायला लागली की मात्र माईकची वायर काढून खाली या.